मी दाखवलेला धबधबा

सहल आखावी तर मीच! आमची वस्ती नदीकाठची, टीचभर. पण तासा-दोन तासांवरची सगळी ठिकाणं मला तोंडपाठ. गेल्या दोन सहली जरा फसल्या, एवढंच. एकदा धरण बघायला बंदी होती, एकदा बागेला कुलूप. बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "या वेळी फसलात, तर पुढच्या सहली माझा भाऊ ठरवेल!"

मेहुणा! ज्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत, तो! मी इरेला पेटलो. फोनवरच्या नकाशात शोधून शोधून एक जागा काढली. नदीकाठ, गर्द झाडी, माणसाचा मागमूस नाही. सासूबाईंना वर धबधब्याचंही वचन देऊन टाकलं. नदी आहे म्हटल्यावर कुठेतरी असणारच की!

रविवारी सकाळी पाय धुवायला गॅलरीतला नळ सोडला, तर पाणीच नाही. तसेच चौघं निघालो. लांबच्या पुलावरून नदी ओलांडली, कच्च्या रस्त्याने हाडं खिळखिळी झाली आणि दोन तासांनी पोचलो. जागा झकास! धबधब्याचा मात्र पत्ता नाही. मेहुणा गालातल्या गालात हसत होता.

"तो बघा!" मी ओरडलो. समोरच्या काठावर, झाडांआडून डोकावणाऱ्या इमारतीलगत पाण्याची पांढरीशुभ्र धार कोसळत होती.

"अगं बाई, किती छान!" सासूबाई म्हणाल्या. "पण वर राहणारी माणसं काय गबाळी! असली विटकी चादर कुणी जगासमोर वाळत घालतं का?"

बायको ताडकन उठली. "आई, ती चादर तू दिलेली आहेस!"

आपली इमारत पलीकडून कशी दिसते, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं!

"अहो, सकाळी नळ बंद केलात ना?"

"पाणीच नव्हतं, तर बंद काय करायचं?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका छत्री उघडून त्यांच्या गॅलरीत आले. आम्ही चौघं उड्या मारमारून ओरडलो, "काका, नळ! नळ!" त्यांना वाटलं, कुणी हौशी मंडळी सहलीला आलीत. त्यांनीही आनंदाने छत्री हलवली.

पुन्हा दोन तास खडखडाट करत घरी!

पुढची सहल मेहुण्याने ठरवली. ठिकाण: आमचीच गॅलरी. सगळ्यांना प्रचंड आवडली! तिथून समोरचा काठ काय सुंदर दिसतो म्हणे. ती जागा मी शोधलेली आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर बायको म्हणाली, "आधी नळ बघून या."