सव्वादोन ब्रास खडी

रेवा, ईशान, तुमच्या आजीच्या बिल्डिंगमधले धर्मादादा पाटील कुणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी खोली मोजतात. चपला दाराबाहेर काढतात आणि एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातात. तोपर्यंत यजमानांनी पाण्याचा पेला धरून उभं राहायचं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "बाई, तुमचा हॉल साडेअकरा. बिल्डरनी बारा सांगितला आसंल."

बिल्डरने बाराच सांगितलं होतं. ते गेल्यावर मी टेप काढला. साडेअकरा फूट. अर्धा फूट गेल्याचं दुःख एकीकडे आणि या माणसाचं कौतुक दुसरीकडे, असा तो दिवस गेला.

त्यांचं पाऊल अकरा इंचांचं आहे. म्हणून बारा पावलं झाली की एक वजा करायचं. "बारातला एक देवाचा," असं ते म्हणतात. मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, गणित नाही, तरी हा हिशेब मी कागदावर ताडून पाहिला. बरोबर येतो.

वळ गावात त्यांची शेती होती. आता तिथे गोदामं आहेत. ती कोणाची, आत काय असतं, हे त्यांना ठाऊक नाही. पण प्रत्येक गोदाम किती पावलांचं, ते विचारा. शेलार गावातल्या एका लग्नात त्यांनी मांडवाला एक फेरी मारली आणि नवरीच्या मामाला सांगितलं, "पानं तीनशे बसतील, मानसं चारशे बोलावलीव." मामा चिडला. शेवटी शंभर माणसं हातात ताट घेऊन उभ्याने जेवली, आणि त्यांत मामा पहिला. मी टेपने मोजण्याचा आग्रह धरला, की धर्मादादांचं उत्तर ठरलेलं असतं. "टेप खोटा बोलत न्हाय, बाई. धरनारा बोलतो."

आता खडीची गोष्ट.

आमच्या बिल्डिंगमागे डेब्रिजने भरलेली मोकळी जागा होती, तुम्ही मागच्या वेळी पाहिली आहे. तिथे बाग करायची ठरली. कडेने चालण्यासाठी खडीचा गोल रस्ता आणि एका कोपऱ्यात बाकं. सोसायटीची सेक्रेटरी मी, त्यामुळे खडी किती मागवायची हे मी काढलं. रस्ता दोनशे फूट लांब, चार फूट रुंद. बाकांचा कोपरा वीस बाय वीस. थर तीन इंचांचा. खडी ब्रासवर मिळते आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. रस्त्याला दोन ब्रास, कोपऱ्याला एक, आणि खडी दबून बसते म्हणून दहावा हिस्सा जास्त. तीन ब्रास आणि थोडी वर. मी तो कागद स्वच्छ अक्षरात नोटीस बोर्डावर लावला आणि खाली सही केली.

धर्मादादांनी कागद वाचला. मग मागे जाऊन रस्त्याच्या आखणीवरून दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्या दारात आले.

"सव्वादोन."

"कसं काय? माझं गणित चुकलं का?"

"गनित बरोबर हाय. खडी जास्त हाय."

यापुढे ते बोलेनात. मी माझी ऑर्डर दिली. पुढचे चार दिवस सकाळी मागून धप धप आवाज येत राहिला. एकाहत्तर वर्षांचा हा माणूस लोखंडी धुमस घेऊन एकटाच जमीन ठोकत होता. विचारलं तर म्हणाले, "मुरूम टाकून जमीन बसवतंय." मला बरं वाटलं. खाली जमीन पक्की असेल तर खडी रुतत नाही.

शनिवारी संध्याकाळी खडीवाल्याचा फोन आला. "बाई, सव्वादोन ब्रास उद्या येते. पाटलांनी बदलून सांगितलं ना."

मी तडक त्यांच्या घरी गेले. रविवार हा एकच दिवस होता. ट्रक मागच्या कंपाउंडच्या खिंडारातूनच आत येऊ शकत होता आणि सोमवारी ते खिंडार बांधून बंद होणार होतं. खडी कमी पडली, तर उरलेली पुढच्या गेटवर उतरवून डोक्यावरून मागे वाहावी लागणार.

"धर्मादादा, कागदावर सही माझी आहे. कमी पडली तर?"

"कमी पडली तर घमेल्यानं मी वाहीन. आनी परत कंदी पावलानं मोजनार न्हाय. टेप घेईन हातात."

म्हणजे गोष्ट साधी राहिली नव्हती. त्यांनी स्वतःची पावलं पणाला लावली होती आणि माझी सही त्यांच्याबरोबर गेली होती. मी खडीवाल्याला उलट फोन केला नाही.

रविवारी ट्रक आला. धर्मादादा बांबू घेऊन वर चढले आणि चारही कोपऱ्यांत खुपसून पाहिला. "बीच में पहाड, कोने में गड्ढा. सीधा करो."

"चाचा, माल पूरा है," ड्रायव्हर म्हणाला.

"पूरा है तो सीधा करने में क्या जाता है?"

सपाट केल्यावर खडी चार बोटं कमी भरली. ड्रायव्हर मुकाट्याने परत गेला आणि भर घालून घेऊन आला. मला मनातून फार बरं वाटलं.

मग खडी पसरायला सुरुवात झाली. आधी बाकांचा कोपरा झाला, नंतर रस्ता. पाहते तर धर्मादादांनी रस्त्याच्या मधोमध दोरी ताणून विटा उभ्या लावल्या होत्या. खडी फक्त बाहेरच्या अर्ध्या भागात पडत होती. आतले दोन फूट नुसता लाल मुरूम, धुमसने ठोकून ओट्यासारखा टणक केलेला. शेवटचं घमेलं रिकामं झालं तेव्हा बाहेरचा भाग पुरा भरला होता आणि मूठभर खडीही उरली नव्हती.

"धर्मादादा, रस्ता अर्धाच झाला की."

"पुरा झाला," ते म्हणाले आणि घरी गेले.

परत आले ते चंद्रावहिनींना घेऊन. चंद्रावहिनी म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या वॉकरवर चालतात, तेही घरातल्या घरात. वॉकरचे पाय खडीत रुततात. मी दहावा हिस्सासुद्धा विसरले नव्हते, पण हे माझ्या कागदात कुठेच नव्हतं.

मी धर्मादादांना बाजूला घेतलं. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितला आसता तर तुमी मीटिंग घेतली आसती. कोनी हा बोलला आसता, कोनी ना." ते विटांकडे बघत म्हणाले. "चंद्रीच्या चालन्यासाठी लोकांना हात वर करायला लावायचा?"

मी मीटिंग घेतलीच असती.

चंद्रावहिनी मुरमावरून निघाल्या. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा. धर्मादादा शेजारच्या खडीतून, त्यांच्याच चालीने. अर्ध्या फेरीला तब्बल वीस मिनिटं लागली. बाकांच्या कोपऱ्याजवळ त्या थांबल्या, घाम पुसला आणि रस्त्याकडे नीट पाहिलं.

"यवरा बरा रस्ता कोनी काढला वो?"

धर्मादादांनी माझ्याकडे बोट केलं. "बाईंनी. कागद लावलाय बोर्डावर."

चुकीची माहिती मी कुणाचीही खपवून घेत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. चंद्रावहिनींनी माझा हात हातात घेतला आणि मी गप्प उभी राहिले.