खड्ड्याचं भूमिपूजन

एका जंगलात नगरपालिका होती. हसू नका, बाळांनो. जंगलात विंचू असतात, साप असतात, मग नगरपालिका असली तर तुमच्या पोटात का दुखतं? वाघ तेवढा उरला नव्हता. तो कधीच शेजारच्या अभयारण्यात बदली करून घेऊन गेला होता. तेव्हापासून जंगलाचं एक लहानसं शहर झालं होतं. एक बाजार, एक पाणवठा, पुतळ्यासाठी राखून ठेवलेला एक रिकामा चौक आणि त्या चौकातून नदीकडे जाणारा रस्ता.

त्या रस्त्यावर एक खड्डा होता आणि खड्ड्यात एक कासव पडलं होतं.

कासवाचं नाव दिगंबर. सगळं शहर त्यांना दिगूअण्णा म्हणायचं. अण्णा बाजारातून गुळाची ढेप पाठीवर बांधून नदीकाठी घरी निघाले होते. त्यांच्या बायकोनं, इंदूकाकूनं, वाळूत अंडी घातली होती आणि आज-उद्यात पिल्लं बाहेर येणार होती. निघताना काकूनं बजावलं होतं, "यंदा तरी वेळेवर या. मागच्या खेपेला तुम्ही पोचलात तेव्हा पोरं पोहायला शिकून परगावी गेली होती. एकाचंही तोंड पाहिलं नाहीत तुम्ही."

अण्णांना ते फार लागलं होतं. म्हणून या वेळी ते भल्या पहाटे निघाले, मान खाली घालून भराभर चालले, म्हणजे त्यांच्या मानानं भराभर, आणि धप्पकन खड्ड्यात गेले.

खड्डा काही खोल नव्हता. अण्णांचे पुढचे पाय काठाला टेकत होते. आणखी एक रेटा दिला असता तर बाहेरच आले असते. ते दम घेऊन रेटा देणार, एवढ्यात वरून आवाज आला, "थांबा! हलू नका! नगरपालिका आली आहे!"

बघा, इथेच घात झाला. अण्णा सज्जन होते. ते थांबले.

वर नगराध्यक्ष भाऊसाहेब उभे होते. भाऊसाहेब म्हणजे रानडुक्कर. अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. त्यांच्या शेजारी 'रानहाक' दैनिकाचा संपादक कावळा मान वाकडी करून बसला होता.

"दिगूअण्णा, काळजी सोडा," भाऊसाहेब म्हणाले. "हा खड्डा आम्ही लोकसहभागातून बुजवणार. आजच भूमिपूजन."

"भाऊसाहेब, आधी मला जरा हात दिला असता तर..."

"अहो, तुम्ही बाहेर आलात तर खड्ड्याची गंभीर दखल कोण घेणार? थोडी कळ काढा."

मंडप पडला. खड्ड्यात एक शिडी उतरवली गेली. भाऊसाहेब फेटा सांभाळत खाली आले. नारळ फुटला. मग भूमिपूजनाला जे करायचं असतं तेच त्यांनी केलं. कुदळ उचलली आणि मारली. टाळ्या पडल्या. उत्साह वाढला, तशी भाऊसाहेबांनी आणखी मारली. रानडुकराला खणायची हौस उपजतच, त्यात त्यांचा काय दोष? निघालेली माती कार्यकर्त्यांनी घमेल्यात भरून वर नेली. त्याला श्रमदान म्हणतात. त्या मातीचं छान उंच व्यासपीठ झालं.

प्रसादाला काही नव्हतं, म्हणून अण्णांच्या पाठीवरच्या गुळाचा एक खडा सगळ्यांना वाटला.

पाहुणे वर गेले. शिडीही वर गेली.

"अहो, शिडी!" अण्णा ओरडले.

"ती मंडपवाल्याची आहे," वरून कोणीतरी म्हणालं. "भाड्याची."

अण्णांनी पाय उचलून पाहिले. काठ आता वीतभर वर गेला होता.

संध्याकाळी कावळा काठावर येऊन बसला आणि अभिमानानं पहिलं पान वाचून दाखवू लागला. "खड्डा बुजवण्याच्या कामाला वेग. कासव सुखरूप बाहेर. कुटुंबात आनंदाचं वातावरण."

"संपादकसाहेब," अण्णा खालून म्हणाले, "मी आतच आहे."

"हो का?" कावळ्यानं वाकून पाहिलं. "आहात खरे. पण भाऊसाहेब म्हणाले, उद्यापर्यंत काढतोच आहोत. आमचा अंक लवकर छापायला जातो, अण्णा. वाचकांना ताजी बातमी लागते."

"मग निदान खुलासा छापा. माझी बायको तुमचा पेपर वाचते हो! ती वाट बघत बसली असेल. पिल्लं कधीही बाहेर येतील."

"छापू की. आतल्या पानावर, जागा उरली तर."

जागा उरली नाही. त्या आठवड्यात भाऊसाहेबांच्या मेव्हण्याचा वाढदिवस होता.

दुसऱ्या दिवशी विरोधी पक्ष आला. विरोधी पक्ष म्हणजे माकड आणि त्याचे मित्र. माकडानं खड्ड्याकाठी छाती पिटली. "अण्णा, तुम्हाला अजून आत ठेवणं हा जनतेचा अपमान आहे! सत्ताधाऱ्यांचं भूमिपूजन आम्हाला मान्य नाही!"

"देव तुमचं भलं करो," अण्णांना भरून आलं. "एक वेल सोडता का खाली?"

"वेल कसली सोडायची! आम्ही निषेध म्हणून आमचं वेगळं भूमिपूजन करणार!"

शिडी आली. कुदळ आली. निषेध फार तीव्र होता, त्यामुळे खड्डाही बराच खाली गेला. गुळाचा आणखी एक खडा वाटला गेला.

मग काय विचारता, बाळांनो! शहराला लोकसहभागाची गोडीच लागली. रोज कोणी ना कोणी. भारद्वाज महिला मंडळ आलं, त्यांनी हळदीकुंकू वाहून हलक्या हातानं कुदळ मारली. ज्येष्ठ नागरिक संघाची घोरपड आली, ती शिडीवरून उतरली आणि दोरीनं बांधून वर ओढावी लागली. ती दोरी बघून अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मलाही तिच्याबरोबर घ्या की," ते म्हणाले. पण घोरपडीच्या सुनेनं वरून सांगितलं, "दोरी आमच्या घरची आहे." व्यापारी संघटनेच्या उंदरांनी भूमिपूजनाला दुकानं बंद ठेवली. प्रत्येक प्रभागाला वाटे, आपला मान मागे राहिला. मानापमान नको म्हणून सगळ्यांना संधी द्यायची ठरली.

एकदा अण्णांनी धीर करून भाऊसाहेबांना विचारलंच, "साहेब, रागावू नका. पण ही माती वर नेण्यापेक्षा आत टाकली तर? एका दुपारचं काम आहे."

भाऊसाहेब मायेनं हसले. "अण्णा, तुम्ही आपले भोळे. माती आत टाकणं म्हणजे काम झालं. काम भूमिपूजनानंतर असतं. अजून अर्ध्या शहराचं भूमिपूजन राहिलंय. त्यांना डावलून काम सुरू केलं तर याला लोकसहभाग म्हणतील का कोणी?"

 अण्णा आता इतके खाली होते की आभाळ थाळीएवढं दिसायचं. गूळ संपला होता. त्यांना फक्त नदीकाठची वाळू आठवायची. आता अंड्याला तडा गेला असेल. आता पहिलं पिल्लू बाहेर आलं असेल. आता ते आईला विचारत असेल, बाबा कुठे आहेत? अण्णा अंधारात मान आत ओढून घेत आणि रडत. कवचाचा तेवढाच उपयोग.

शेवटी सुटका झाली ती जलतज्ज्ञ म्हणून सत्कार झालेल्या बगळ्यामुळे. त्यानं डोळे मिटून कुदळ मारली आणि खळ्ळकन काहीतरी फुटलं. ती नगरपालिकेचीच मोठी जलवाहिनी होती. ती कुठून जाते हे नगरपालिकेला माहीत नव्हतं, आणि मला विचाराल तर बगळ्याला पाण्यातले फक्त मासे कळत होते. धबाधबा पाणी आलं. बगळा उडाला, शिडी वाहिली, आणि दिगूअण्णा, नदीचं कासव ते, हातपाय हलवत अलगद वर आले.

काठावर कोणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही. भाऊसाहेब 'नव्या तलावाचं' लोकार्पण करत होते. "खड्डा बुजवू म्हणालो होतो," ते माइकवर सांगत होते, "त्याहून जास्त करून दाखवलं!"

अण्णा जीव खाऊन नदीकाठी पोचले. इंदूकाकू दारातच बसली होती. आजूबाजूला पिल्लं खेळत होती.

"इंदू," अण्णा धापा टाकत म्हणाले. "आलो बघ."

काकूनं 'रानहाक'चा जुना अंक पुढे टाकला. "पहिल्याच दिवशी बाहेर आलात म्हणून छापलंय. मग इतके दिवस कुठे होता? आणि गूळ कुठाय?"

"अगं, मी आत होतो! शपथ!"

"म्हणजे पेपर खोटा आणि तुम्ही खरे?" काकू फणकारली आणि पाठ फिरवून बसली. एका पिल्लानं अण्णांकडे पाहून आईला विचारलं, "हे काका कोण?"

सांगतो बाळांनो, खड्ड्यात एवढं लागलं नव्हतं अण्णांना.

पुढे बरेच दिवस काकू अण्णांशी जेवणापुरतं बोलली. मग एके सकाळी भाऊसाहेबांकडून बोलावणं आलं. बाजारामागच्या रस्त्यावर नवा खड्डा पडला होता. त्यात साळूबाई साळिंदर अडकली होती. भूमिपूजन दिगूअण्णांच्या हस्ते, 'अनुभवी नागरिक' म्हणून. 'रानहाक'मध्ये नावही छापून आलं होतं. काकूनं ते दोनदा वाचलं आणि कितीतरी दिवसांनी अण्णांना आपणहून चहा दिला.

अण्णांनी मनाशी पक्कं केलं होतं. माइक हातात आला की ठणकावून सांगायचं, लेकांनो, माती आत टाका! वाटभर त्यांनी ते घोकलं.

पण तिथे गेल्यावर शाल आली. हार आला. भाऊसाहेबांनी मिठी मारली. पहिल्या रांगेत काकू नवं लुगडं नेसून बसली होती आणि पोरं मान उंच करून बघत होती. अण्णांना खुर्चीत बसवून चौघांनी शिडीवरून खाली उतरवलं.

साळूबाईचे पुढचे पाय काठाला टेकत होते. आणखी एक रेटा दिला असता तर ती बाहेरच आली असती.

"अण्णा," ती कुजबुजली, "देवासारखे आलात. तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे. घरी माझी पिल्लं एकटी आहेत हो."

अण्णांच्या हातात कुदळ होती. त्यांनी साळूबाईकडे पाहिलं. मग वर पाहिलं. काठावरून एक पिल्लू बोट दाखवून शेजारच्याला सांगत होतं, "ते बघ, ते आमचे बाबा!"

बाबा. पहिल्यांदाच.

अण्णा साळूबाईच्या कानाशी वाकले. "घाबरू नका," ते म्हणाले. "मी हळू मारतो."

आणि त्यांनी मारली. टाळ्या इतक्या पडल्या की साळूबाई काय म्हणाली ते कोणालाच ऐकू आलं नाही.

तात्पर्य: खड्ड्यात पडलेल्यानं धीर सोडू नये. नेटानं वाट पाहिली, तर आज ना उद्या कुदळ आपल्याही हाती येते.