देवीदासचा दोन कप्प्यांचा डबा

"माह्या लेकीच्या लग्नाचे फोटो माहा भाऊच काढन," असं अलका सौसरला सासूसमोर बोलून गेली आणि इकडे पांढुर्ण्यात तिच्या भावाची, देवीदासची, झोप उडाली. अलकाचा नवरा भिवाजी नागपूरचा फोटोग्राफर ठरवायला निघाला होता. आता फोटो बिघडले असते, तर अलकाला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

देवीदास शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. कॅमेरा त्याचा चांगला होता. घोडं पेंड खात होतं ते जुन्या फ्लॅशगनपाशी. चार पेन्सिल सेलवर ती एका फोटोनंतर अर्धा मिनिट शिट्टी वाजवत बसे, तेव्हा कुठे तिचा लाल दिवा लागे. तोवर नवरानवरी हार घालून जेवायलाही बसली असती.

पण गडी हिकमती. त्याने दोन कप्प्यांचा डबा घेतला. खालच्या कप्प्यात टॉर्चचे चार मोठे सेल बांधले, वरच्यात फिल्मचे रोल ठेवले. वरच्या कप्प्याच्या बुडाला भोक पाडून वायर वर घेतली, झाकणाच्या फटीतून बाहेर काढली आणि फ्लॅशगनला जोडली. आता पाच मोजेपर्यंत दिवा लागू लागला.

"हा तं माहा डबा होय ना?" त्याच्या बायकोने, प्रतिभाने, विचारलं.

"होता," देवीदास म्हणाला.

प्रतिभाला आठवा महिना होता, म्हणून तो एकटाच सौसरला गेला. संध्याकाळी मांडवात फ्लॅश असा काही चमकला की भिवाजीही बघत राहिला. मग शेवटचा रोल भरायला देवीदास आतल्या खोलीत गेला. तेवढ्यात कोणीतरी चहाला ओढलं, म्हणून कॅमेरा गळ्यात ठेवून, वायर सोडवून डबा त्याने कोपऱ्यात ठेवला.

अलकाच्या सासूने, लीलाबाईने, तो डबा सकाळपासून हेरला होता. "पाव्हणा डबा घेऊन हिंडून राहिला, पण लाजून बोलून नाही राहिला," ती म्हणाली. "घरी बायको दोन जीवांची. आपल्या घरून रिकामा डबा कधी गेला का?" झाकण उघडलं तर रिकाम्या कप्प्यात नुसती वायर दिसली. "इजेवर गरम राहणारा दिसते," म्हणत तिने वांग्या-बटाट्याचा रस्सा काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि डबा जागच्या जागी ठेवला.

हार घालायची वेळ झाली. देवीदासने घाईने डबा खांद्याला अडकवला, वायर जोडली. शिट्टी सुरू झाली, अडखळली आणि बंद पडली. त्याच वेळी पांढऱ्या पँटवरून काहीतरी गरम ओघळलं. त्याने वास घेतला, डबा उघडला. सेल रश्श्यात पोहत होते.

"सांगतलं होतं ना, नागपूरचा आणतो म्हणून!" भिवाजी कडाडला. अलकाचा उतरलेला चेहरा पाहून देवीदासला रडूच आलं. त्याने खिशातले पेन्सिल सेल काढून फ्लॅशगनमध्ये बसवले.

"काढतो, भाऊजी. पण दर फोटोले अर्धा मिनिट थांबा लागन."

"लग्न का तुह्यासाठी थांबन?"

"थांबन!" लीलाबाई पुढे आली. "रस्सा म्याच ओतला. मी सांगेतवर कोणी हार घालाचा नाही."

ती देवीदासच्या मागे उभी राहून दिव्यावर नजर ठेवू लागली. "लागला! घाल, पुष्पा!" नवरीने हार घातला. "तू थांब!" नवरदेव हार उचलून तसाच थिजला. त्याच्यासोबत सगळा मांडव श्वास धरून उभा राहिला.

पंधरा दिवसांनी देवीदास फोटो घेऊन आला. एकही हललेला नव्हता, कोणाचे डोळे मिटलेले नव्हते. फक्त सगळे कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून त्याच्या मागे, जरा घाबरून बघत होते.

"नागपूरवाल्याच्या फोटोत अर्धे लोक झोपून राहते," भिवाजी पाहुण्यांना सांगू लागला. "माह्या साळ्याचं पाहा!"

लीलाबाईने सगळे फोटो दोनदा पाहिले. "यात मी कुठं हावो?"

"मावशी, तुम्ही माह्या मांगं होत्या."

"मंग आता काढ." पदर सारखा करून ती तिथेच बसली.

खोलीत उजेड कमी होता. फ्लॅशगनची शिट्टी सुरू झाली. लीलाबाईचा हात नाकाकडे जाऊ लागला, तोच देवीदासच्या मागून खणखणीत आवाज आला.

"आत्याबाई, हलाचं नाही! दिवा लागाचा हाये."

वीस वर्षांत त्या घरात अलका एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. लीलाबाईने हात खाली घेतला आणि अर्धा मिनिट मुकाट्याने बसून राहिली.