चौदा खुर्च्या सेवेत रुजू

ऐक, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. देश मंदीत बुडाला की त्याला वर काढायचं काम बसूनच करावं लागतं, आणि बसायला खुर्ची लागते. सरकारला हे कळलं आणि करात सवलत आली: ऑफिससाठी सामान घ्या, अख्खी किंमत याच वर्षीच्या उत्पन्नातून वजा करा.

इथं अमेरिकेत, टोलेडोतलं आमचं ऑफिस खिडक्यांचे पडदे विकतं. माणसं पाच. मालक गस वोयचिक, देशावर फार प्रेम. त्यानं खुर्च्या मागवल्या चौदा. शिवाय फोन आपोआप घेणारं एक यंत्र.

अट एकच. सामान एकतीस डिसेंबरच्या आत ‘सेवेत रुजू’ व्हायला हवं. गसनं याचा अर्थ लावला, की प्रत्येक खुर्चीवर बसून निदान एक फोन घेतला पाहिजे. मग काय, तीस तारखेला आम्ही पाच जण चौदा खुर्च्यांवर फिरलो. (फोन मी मोबाइलवरून करत होतो. गिऱ्हाईक कुठलं आणायचं?)

नऊ नंबरवर बसली नॉरीन. एकोणीस वर्षं फोन घेतेय, पाठ कामातून गेलेली, घरून उशी आणायची. दर नाताळला खुर्ची मागायची. बसली आणि रडायलाच लागली.

“गस, मेल्या, एवढी वर्षं कुठं होती ही?”

“सवलत नव्हती गं.”

पण आता खुर्च्यांच्या गर्दीत संडासाचं दार उघडेना. गसनं हिशेबनिसाला फोन लावला.

“एकदोन खुर्च्या विकू का?”

“ठरलेली वर्षं भरायच्या आत काढलीस तर सवलत परत द्यावी लागेल.”

“आणि माणूस काढला तर?”

“माणसाला अट नाही.”

बघ, किती विचार केलाय कायद्यात! खुर्चीला अनेक वर्षांचं संरक्षण, आणि नॉरीनला… असो.

गसनं मला बाजूला घेतलं. “जागा करायला एक जुनं टेबल काढायचंय, माणसासकट. तुझं, नाहीतर नॉरीनचं. सगळ्यात नवा तू, म्हणजे पाळी तुझी. पण यंत्राची बटणं तुलाच कळतात. उद्या नऊ नंबरवर बसलास, तर तू राहिलास.”

घरी बायकोला सातवा महिना. दवाखान्याचा विमा माझ्याच नोकरीवर.

एकतीसला सकाळी नॉरीननं उशी पिशवीत कोंबली. मी नऊ नंबरपाशी उभा, हात खुर्चीच्या पाठीवर. तिनं माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“डावीकडचा खटका पुढे ओढ, पोरा. नाहीतर पाठ धरेल तुझी.”

खटका ओढला. खरंच, काय आराम आहे रे!

तू काय केलं असतंस? नाही, बसून नको सांगूस. ऊठ, आणि उभं राहून सांग.