नानांच्या बाभळी

आमचे शेजारी नाना घरी आले की चहाला नको म्हणायचे आणि चोथा मागायचे. "च्या ऱ्हाऊ द्या वैनी. चोथा वाळवून ठिवलाय न्हवं?" हे भर पाहुण्यांसमोर. पाहुण्यांना वाटे, म्हाताऱ्याला घरी खायला घालत नसावेत. मग मी समजावून सांगे की नाना चोथा खात नाहीत, फळीवर पसरून त्याची जमीन करतात आणि तिच्यात झाडं लावतात. त्यावर पाहुणे माझ्याकडेही जरा निरखून बघत.

एकोणीसशे नव्वदनंतरची ही गोष्ट. रहिमतपुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. नाना मिरजेच्या पुढं, दुष्काळी मुलखातल्या छोट्या गाडीच्या लायनीवर पॉइंटमन होते. आडरानातल्या एकाच ठेसनावर रूळ बदलण्यात नोकरी संपली आणि ते गावी परतले. फौजेतल्या लेकानं अंबाल्याहून नातवासाठी सेलवर पळणारी आगगाडी आणली. नातवाला तिचा लगेच कंटाळा आला. नाना जणू त्याचीच वाट बघत होते. त्यांनी सोप्यात जुन्या दाराची फळी स्टुलांवर आडवी टाकली आणि तिच्यावर आपलं ठेसन उभारायला घेतलं. खरी लायन सरळ होती, इथं गाडी गोल फिरायची. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाले, "लायन सरळच हाय. दार संपतंय, त्याला मी काय करू?"

रुळांपलीकडं बाभळीचं बन होतं, म्हणून फळीवरही बाभळी हव्यात. झाडं विकत आणायची हा विचारच त्यांना पाप वाटे. उसाला पाणी देणाऱ्या विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातून ते जळक्या तारेचे तुकडे गोळा करून आणत, त्यांना पीळ देत, खालची टोकं फाकवून मुळं करत, वरची फाकवून फांद्या. त्यांवर डिंक, आणि डिंकावर वखारीतला भुसा, हिरव्या रंगात बुडवून वाळवलेला. लांबच्या बारक्या बाभळींना तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या. त्यामुळे आळीत एका तुळशीला मंजिरी टिकेना. नाना सकाळी सकाळी दुसऱ्यांच्या वृंदावनापाशी डोळे मिटून उभे दिसत. म्हातारपणी देवाकडं वळले, असं बायका कौतुकानं म्हणत. वळले कसले! जोडलेल्या हातांत कात्री असायची.

एक नियम मात्र ते पाळायचे. "हुतं तेवढंच लावायचं." कुणी प्लास्टिकची गाय आणून दिली, ती परत गेली. "गाय न्हवती तितं. शेरडं हुती."

आता त्या वेळची मी. साताऱ्याला जाऊन स्टॉकिंगच्या कापडाची फुलं करायचा क्लास केला होता. त्याचं प्रमाणपत्र मी चौकटीत घालून नवऱ्याच्या पदवीच्या वर टांगलं होतं. कुणाच्याही घरात शिरून त्यांची फुलदाणी हलवायचा परवानाच मिळाल्यासारखी मी गावात फिरत असे. साहजिकच नानांना मी एक गुलमोहर करून दिला, लालभडक. त्यांनी तो चहूबाजूंनी फिरवून पाहिला आणि माझ्या हातात परत ठेवला. "वैनी, लय नटलंय हे. ह्येला लग्नाला पाठवा." मी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना तो कळलाच नाही, कारण चोथा मी मुलीबरोबर पाठवतच होते.

अख्खं गाव ते ठेसन बघून गेलं. पोस्टमन तर टपाल वाटायचं सोडून गाडीच्या फेऱ्या बघत उभा राही. फक्त नानांची बायको, आक्का, बघत नव्हती. सोपा ओलांडताना ती फळीच्या बाजूचा पदर ओढून घेई, जणू तिथं सासरा बसलाय. तिची चाहूल लागली की नाना बटण दाबून गाडी सोडत. गाडी फिरत राही, आक्का चुलीपाशी पोचलेली असे. मग नाना मला मोठ्यानं सांगत, "लोकं लांब लांबनं बघाया येत्यात." ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं, हे माझ्यासारखीलाही कळायचं.

न राहवून मी आक्काला विचारलंच. ती तांदूळ निवडत होती.

"काय बघू, शालन? जलम गेला त्या ठेसनावरच्या पत्र्याच्या खोलीत. समदी झाडं रुळापल्याड, आमच्या दारात नुसतं ऊन. न्हाणीचं पाणी घालून घालून मी रोपं जगवायची, शेरडं खाऊन जायची. ह्यास्नी म्हणलं, कुंपण घाला. तर म्हणायचं, आता बदली हुणार हाय. कवा झाली बदली? आन त्येच ऊन आता घरात मांडून ठिवलंय."

मी हे सगळं पदरचा मीठमसाला घालून नानांना कळवलं. ते तार घासत होते, घासतच राहिले. त्यानंतर गाडी थांबली. चोथा मागायलाही येईनात. म्हातारा रुसला, असं मी आळीत जाहीर करून टाकलं.

एका दुपारी गेले, तर फळीवरच्या पत्र्याच्या खोलीसमोर वीतभर उंचीचं झाड उभं. या झाडाला भुसा नव्हता, एकेक पान कातरून चिकटवलेलं. कडुलिंब. माझी प्रमाणपत्रवाली नजर लगेच चमकली.

"नाना, हे होतं का तिथं?"

"न्हवतं."

"मग?"

"लावाया पायजे हुतं," नाना हळू म्हणाले.

आमच्याकडच्या भिंती तेवढ्या जाड नसतात. आक्का हात पुसत बाहेर आली. नाना उगाच रूळ नीट करायला लागले. तिनं वाकून खोली बघितली, दार बघितलं, झाड बघितलं.

"हितं कशाला लावलंय?" ती म्हणाली. "दुपारचं ऊन मागल्या अंगानं यायचं. इसरला व्हय?"

तिनं झाड मुळांसकट उपसलं आणि खोलीच्या मागं नेऊन टेकवलं. नानांनी बुंधा सरळ धरला, तिनं बोटांनी चोथा दाबला.

"दाब की आजून."

"दाबलंय." आक्का मागं सरून बघायला लागली. "आन शेरडं?"

नाना उठले आणि कुंपणाला तार शोधू लागले.