गद्रे अण्णांचे कांदे

पौडाच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू होऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते, तोच गद्रे अण्णांनी मला लग्नाचं आमंत्रण दिलं. "उद्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मुहूर्त आहे. अगत्य यायचं." अण्णा म्हणजे आमचे अव्वल कारकून, तेव्हा न जाऊन चालणार नव्हतं. मी ट्रंकेतला कोट काढला, टोपी झटकली, आणि हात रिकामा नको म्हणून एक नारळ घेतला.

दाराला तोरण नव्हतं, वाजंत्री नव्हती. अण्णा परसात एका कुंडीपुढे पाट टाकून बसले होते. कानावर रंगाचा कुंचला, हातात तपकिरीची डबी. कुंडीत हातभर दांड्यावर ग्रामोफोनच्या कर्ण्यासारखं एक लालभडक फूल.

"ही वधू," अण्णा म्हणाले. "वर डबीत आहे."

डबीत दुसऱ्या फुलाचे पिवळे पराग होते. घड्याळात नऊ-दहा झाले तसा अण्णांनी फुलावरचा मलमलीचा तुकडा काढला. तो अंतरपाट, आणि आगंतुक मधमाश्यांना मज्जावही. मग कुंचल्याने पराग फुलाच्या मधल्या तिबोटी टोकावर टेकवले, दांड्याला हळदीचा दोरा बांधला आणि माझ्या नारळाकडे बघून म्हणाले, "वा, तुम्ही रीत पाळलीत. बाकीचे येतच नाहीत हो." न येणाऱ्यांचं मला नवल वाटलं नाही.

ही फुलं मूळची दक्षिण अमेरिकेतली. पुण्याच्या लष्करातल्या कुठल्याशा बंगल्याच्या माळ्याने अण्णांना दोन कांदे दिले होते, एक लाल फुलाचा आणि एक फिकट, गुलाबी रेघांचा. अण्णा 'ब्राझील' असं काही म्हणत, की ऐकणाऱ्याला ते कोळवणच्या पुढच्या खिंडीपलीकडे असावंसं वाटे. त्यांना या कांद्यांपासून एकच गोष्ट हवी होती. पांढरं फूल. "शुभ्र. रेघसुद्धा नको. एक आलं तरी पुरे." का, ते विचारलं की "असू द्या" म्हणायचे आणि तपकिरीची डबी उघडायचे. दोन डब्या होत्या. एकदा भर कचेरीत त्यांनी चुकून पराग ओढले आणि मामलेदारांसमोर सतरा वेळा शिंकले.

बी धरलं की ते सोलून काढायचं. काळ्या कागदाच्या कपट्यांसारखं असतं. मग अण्णा ते स्वयंपाकघरातल्या पितळी परातीत पाण्यावर तरंगत ठेवत, आणि त्यांची थोरली बहीण, अक्का, कणीक भिजवायला परात शोधत घरभर फिरे. बी रुजायचं तीन आठवड्यांत, पण फूल यायला लागायची चार वर्षं. पहिल्या लग्नाची सगळी पोरं चार वर्षांनी लालच निघाली होती. अण्णांनी त्यातलं एक निवडून पुन्हा त्या फिकट फुलाशी सोयरीक जुळवली होती. त्या दुसऱ्या लग्नाचे अकरा कांदे आता वयात आले होते. पुढच्या चैत्रात ते फुलणार होते. "घाई नाही," अण्णा म्हणत. हे त्यांचं पालुपद.

त्या वर्षांत आमच्या खोऱ्यात बोलण्याचा एकच विषय होता. धरणाचं पाणी कुठवर येणार आणि कुणाचं शेत जाणार. माणसं अर्ज घेऊन येत, अण्णा प्रत्येकाचं शांतपणे ऐकून सुवाच्य अक्षरात लिहून घेत, आणि वर बकऱ्यांच्या लेंड्यांची चौकशी करत. खंडू धनगर त्यांना टोपलीभर लेंड्या आणून देई. एकदा त्याने विचारलंच, "अण्णा, ह्यो कांदा तुमी खात न्हाई, इकत न्हाई, वास न्हाई म्हून द्येवाला वाहत न्हाई. मंग ह्याला येवढं खत कशाला?"

"कळेल रे. घाई नाही."

घरात अण्णा आणि अक्का दोघंच. अण्णांची बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. अक्का अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेल्या. डोक्यावरून लाल आलवण घेतलेलं, बोलणं मोजकं, आणि सोवळं इतकं कडक की कांदा हा शब्दसुद्धा उंबऱ्याच्या आत चालत नसे. फुलाचा कांदा असला तरी तो कांदाच. आषाढात मुळशीचा पाऊस कुंडीतलं काहीही कुजवतो, म्हणून अण्णांनी ते अकरा कांदे ज्येष्ठातच उपटून वाळवले, पण ठेवणार कुठे? ते त्यांनी माझ्या खोलीवर आणले. स्वतःच्या हाताने शिंकाळ्यात टांगले आणि म्हणाले, "भावे, हे तुमच्या ओटीत घातले."

मी मराठ्यांच्या तानूबाईंच्या घरी खोली घेऊन राहत होतो आणि त्यांच्याच हातचं जेवत होतो. हे अण्णांना ठाऊक होतं, अक्कांना नव्हतं. कांदेनवमी आली. पुढे चार महिने कांदा खायचा नाही असं मी आईला कबूल करून आलो होतो, तेव्हा त्या दिवशी पोटभर भजी व्हायलाच हवीत. सकाळी निघता निघता मी तानूबाईंना सांगितलं, "शिंकाळ्यात कांदे आहेत, भजी करा." माझ्या खोलीत शिंकाळी दोन होती, हे मी सांगितलं नाही.

दुपारी जेवायला बसलो, तर पहिलं भजं कडू लागलं. मला वाटलं, बेसन जुनं असेल. दुसरंही खाल्लं. पाचव्यानंतर मी जो परसात धावलो तो दिवेलागणीपर्यंत तिथेच.

"कांदंच हायेत की वो भाऊसाहेब," तानूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "चिरताना डोळ्यात पानी न्हाई आलं, तवाच म्या म्हनलं, ह्ये लई गुणाचं हायेत!"

मी आजारी आहे हे कळताच अण्णा धावत आले. त्यांनी वर पाहिलं. शिंकाळ्यात चार उरले होते. मला वाटलं, आता हा माणूस मला कचेरीतूनच नव्हे, सगळ्या मुळशी पेट्यातून हाकलणार. मी रडायचाच बाकी होतो. अण्णांनी ते चारही उतरवून दाबून पाहिले. मग माझ्या उशाशी बसले, स्वतः कोकमाचं पाणी करून मला पाजलं, आणि विचारलं, "चव कशी होती? नाही, आपल्याकडे ही माहिती कुणालाच नाही."

ते चार कांदे धोतराच्या सोग्यात बांधून ते कचेरीच्या कपाटात ठेवायला घेऊन गेले. त्यानंतर ते मला त्यावरून एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. तो चैत्र येईपर्यंत मी देवाला रोज एकच मागत होतो.

चैत्रात पहिला उमलला. लाल. दुसरा, लाल. तिसऱ्यावर गुलाबी रेघा. अण्णा तिन्ही वेळा "घाई नाही" म्हणाले, पण त्यांचा चेहरा मला बघवेना. चौथी कळी आठ दिवस मिटूनच होती. मग एका सकाळी त्यांचा निरोप आला, "असाल तसे या."

फूल पांढरं होतं. गळ्याशी थोडी हिरवी झाक, बाकी सगळं शुभ्र. मला वाटलं, आता कुंडी ओसरीवर मांडतील, गाव गोळा करतील. अण्णांनी ती उचलली आणि मागच्या दारी नेली. तिथे अक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"हे काय रे?"

"तुझं फूल."

"खुळा की काय! मला कुठलं फूल?"

"अक्का, मोगरा तुला बंद, जाई बंद, शेवंती बंद. ह्याचं नाव शास्त्रात कुठेच नाही. मी सगळीकडे शोधलं. बंदी घालायला निदान नाव तरी हवं ना?"

अक्कांनी सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "लाल का नाही केलंस? ते आधीचं होतं ना."

"ते दाखवलं तेव्हा तूच म्हणालीस, लाल जन्मभर अंगावर आहे."

"मी म्हणाले? कधी?"

"नऊ वर्षं झाली."

मी नजर चुकवून विहिरीकडे बघत राहिलो. अक्कांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि एक बोट पाकळीला लावलं. मग दुसरं लावलं. चुलीवर भात होता याचं त्यांना भान राहिलं नाही. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून पहिल्यांदाच भात करपला. अण्णांनी तो दोनदा मागून घेतला, आणि मीसुद्धा.