पुठ्ठ्याचं माहेर

माणसाचा स्वभाव त्याच्या हातच्या घडीवरून कळतो, असं कल्याणप्पांचं ठाम मत होतं. ज्याची घडी सरळ, त्याचा संसार सरळ! तुळजापुरात कुंकवासाठी पुठ्ठ्याच्या डब्या करणाऱ्या या माणसाची घडी इतकी सरळ असे, की तिच्यावरून आंधळी मुंगीसुद्धा वाट चुकली नसती. संसाराचं म्हणाल, तर कल्याणप्पा दिवसभर ओसरीवर डब्यांत आणि बायको नीलम्मा माजघरात भांड्यांत. दोघांचं बोलणं म्हणजे, "वाढू का?" आणि "व्हय."

त्या साली नीलम्मानं अंथरूण धरलं. वैद्य तिची नाडी सोडून खिडकीबाहेर बघत बसले, तेव्हाच कल्याणप्पा काय ते समजले. नीलम्मा एवढंच म्हणाली, "एकदा माहेरचं घर बघायचं हुतं."

माहेर तसं लांब नव्हतं. सोलापूरच्या अंगाला, पण निजामाच्या हद्दीपलीकडं. आणि साल होतं अठ्ठेचाळीस. नाक्यावर बंदुका, वाटेवर रझाकार. धडधाकट माणसाला हद्द ओलांडताना घाम फुटायचा, तिथं बाज घेऊन कोण जाणार?

"आपल्याला जाता येत न्हाय ना? मग घरच हितं आणतो!" कल्याणप्पांनी बहिणीला, शांताक्काला, जाहीर करून टाकलं.

"डोक्यावर?" शांताक्कानं विचारलं.

"पुठ्ठ्याचं!"

त्यांनी दाभणाचं टोक दगडावर घासून बोथट केलं. घडीसाठी पुठ्ठा कापायचा नसतो, नुसता दाबायचा असतो. बाहेरच्या अंगानं रेघ ओढायची आणि रेघेपासून मागं मुडपायचं, की कोपरा कसा सुरीच्या पात्यासारखा येतो. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. पण डबीचा पुठ्ठा दोन्ही अंगांनी कोरा, कुठूनही मुडपा. घराचं तसं नसतं! दर्शनी सोप्याचे खांब, खुंट्या, चौकटीवरचा नंदी असं सगळं शाईनं रेखून झाल्यावर त्यांनी सवयीनं पुठ्ठा पालथा घातला, कोऱ्या अंगावर रेघा दाबल्या, झटाझट घड्या घातल्या आणि घर उभं केलं. बाहेरून पांढरंफटक! खांब, खुंट्या आणि नंदी आत अंधारात!

"अण्णा, माहेर बघायला वैनीला आत रांगत जावं लागंल," शांताक्का म्हणाली.

दुसरं घर मात्र झकास उतरलं. खळ वाळायला म्हणून ते ओट्यावर ठेवलं आणि नेमका ठाण्याचा जमादार समोरून आला.

"ये कौनसे नाके का नमुना है जी?"

"नाका न्हाय साहेब, सासुरवाडी हाय."

जमादारानं घर उचलून कानाशी हलवून पाहिलं. "अंदर क्या है?"

कल्याणप्पा सोप्याच्या पुढं कधी गेलेच नव्हते. जावई म्हणजे सोप्यावरचा मानकरी! पाय धुवायला पाणी सोप्यावर, ताट सोप्यावर, घोंगडीही सोप्यावर. दोन्ही बाजूंना भाऊबंदांच्या भिंती, समोर पडदा आणि पडद्याआड बायकांचं राज्य. इतक्या वर्षांत त्यांनी त्या पडद्याची नुसती खालची किनार पाहिली होती.

"ठाऊक न्हाय, साहेब."

"शादी कब हुई?"

"लई वर्सं झाली."

"और अंदर क्या है मालूम नै?" जमादाराचा संशय फिटायच्या ऐवजी फुगला. घर आणि घरधनी, दोघांची वरात ठाण्यात! तिथं जमादारानं आत काही दडवलंय का ते बघायला छप्पर मागं ओढलं. घडी ज्या अंगाला घातली त्याच अंगाला वळते, उलटी ओढली की मोडते. कट्कन आवाज झाला. छप्पर जमादाराच्या हातात, भिंती टेबलावर, आत काही नाही.

जमादार त्या रिकाम्या जागेवर वाकला. मग हळूच म्हणाला, "हमना बी ससुराल में दालान के आगे कभी आने नै दिये." आणि त्यानं छप्पर दोन्ही हातांनी परत दिलं.

मोडकं घर कल्याणप्पांनी बाजेवर ठेवलं. "तुझं माहेर."

नीलम्मानं नंदीवरून बोट फिरवलं, मग दारातून आत घातलं. "आत काय हाय?"

"जमादारबी हेच इचारत हुता."

ती हसली. हसता हसता खोकली, खोकता खोकता पुन्हा हसली. "तुमी कदी आत आलाच न्हाय की! बसा हितं. म्या सांगते."

कल्याणप्पांची ओसरी त्या दिवशी बाजेपाशी आली. आधी माजघर झालं. मग उतरंडीची खोली. मग देवघर, त्याच्यावर माळा, माळ्यावर ती गूळ घेऊन लपायची तो कोनाडा. एक खोली चिकटवून होते न होते, तोच, "अवं, बाळंतिणीची खोली ऱ्हायली की!"

"वैनी, माहेर हाय का धर्मशाळा?" शांताक्का म्हणायची. घर बाजेच्या पायथ्याशी मावेना. नीलम्मानं पाय पोटाशी घेऊन त्याला जागा करून दिली.

ते रेघ दाबत, घडी ती घाली. तिची बोटं थकत चालली तशी घडी तिरपी जायला लागली. वाकडी डबी उकिरड्यावर फेकणाऱ्या कल्याणप्पांनी त्यातली एकही घडी सरळ केली नाही.

"आता परसदार ऱ्हायलं," एका संध्याकाळी ती म्हणाली. "ते उद्या सांगते."

ते सांगायचं राहून गेलं.

पावसाळा सरता सरता हैद्राबादचं राज्य गेलं, नाके उठले. कल्याणप्पांनी घर मोठ्या पाटीत घातलं, वर धोतर झाकलं आणि सासुरवाडी गाठली. रीतीप्रमाणं सोप्यावर बसले. पाय धुवायला पाणी आलं. नीलम्माचा भाऊ वीरप्पा पाटीतल्या घराभोवती फिरून फिरून बघत होता.

"दाजी, लई झ्याक केलंय. कुण्या सावकाराचं?"

"तुमचंच की! नीलम्मानं सांगितलं तसं केलंय, खोली खोली करून. नुसतं परसदार कुठं काढायचं, तेवढं दाखवा."

वीरप्पानं घराकडं पाहिलं, कल्याणप्पांकडं पाहिलं. मग पुढं होऊन त्यानं पडदा बाजूला केला.

"या दाजी, आत या."

कल्याणप्पा पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत गेले.

आत एकच खोली होती.